आपल्या गल्लीचा फोटो आहे का तुमच्याकडे?

निवडुंगाची_कुंडी

मागच्या महिन्यात आईकडे माळा आवरायला काढला तेव्हा नऊ अल्बम निघाले. बारसं, मुंज, लग्न, महाबळेश्वर, परत बारसं. भाची शेजारीच बसली होती. तिला शाळेत परिसराचा काहीतरी प्रकल्प दिलाय. म्हणाली, "आत्या, आपल्या गल्लीचा जुना फोटो दे ना." म्हटलं, एक काय, पन्नास देते. आम्ही कांदिवलीत १९७८ पासून आहोत.

नऊच्या नऊ अल्बम चाळले. गल्लीचा एकही फोटो नाही! आजीचे सतरा आहेत, सत्यनारायणाच्या पूजेचे सहा, पाटावर मांडलेल्या फराळाचे दोन. ज्या रस्त्याने बारा वर्षं शाळेत गेले, त्याचा शून्य. रोलमध्ये छत्तीसच फोटो यायचे आणि धुवायला पैसे पडायचे, त्यामुळे रस्त्याचा फोटो काढणाऱ्याला घरच्यांनी वेड्यात काढलं असतं, हेही खरंच.

शेवटी एक सापडला, तोही चुकून निघालेला. १९९१ सालचा. मावसभाऊ नव्या सायकलवर बसलाय आणि मागे पोयसर नदी. कठडा नाही, भिंत नाही, मातीचा उतार थेट पाण्यात जातोय, पलीकडे पाण्यात दोन म्हशी. माझी खात्री आहे की मध्ये विजेचा खांब येत होता म्हणून बाबांनी त्याला "जरा डावीकडे सरक" सांगितलं असणार. तो सरकला नसता तर नदीच्या जागी खांब आला असता.

तेव्हापासून मी रोज सकाळी सव्वासातला फिरायला जाते तेव्हा मोबाईलवर फोटो काढते. ठरवलेल्या अकरा जागा आहेत. एस. व्ही. रोडवरून निघून नदीच्या कडेकडेने लिंक रोडपर्यंत आणि लिंक रोड ओलांडून जरा पुढे. दोन पूल, एक फूटपाथ (खरं तर फूटपाथाचे अवशेष), भाजीवाल्यांची गल्ली, सोसायट्यांच्या मागची गटाराची बोळ, एक बंद पडलेली पिठाची गिरणी. प्रत्येक ठिकाणी त्याच टाइलवर उभं राहून तोच कोन. झूम करायचं नाही, वाइड करायचं नाही. माणसं आली तर येऊ द्यायची, पण थांबवून पोज द्यायला लावायची नाही. सूर्योदय, डबक्यातलं प्रतिबिंब वगैरे मोह आवरायचा. हे सगळ्यात अवघड.

नमुन्यादाखल तीन फोटो टाकलेत. खाली लिहिलेलं असं :

*फोटो ३. लिंक रोडच्या पश्चिमेचा पूल, दक्षिणेचा कठडा, तोंड पश्चिमेला. डाव्या भिंतीत तीन पाइप, मधल्यातून पांढरट पाणी. कठड्यावरची जाळी वाकलेली, तिच्यात हिरवा पतंग.*

*फोटो ५. भाजी गल्ली. फूटपाथवर पेव्हर ब्लॉक उचकटून रचून ठेवलेत, त्यावर कोथिंबीरवाली बसली आहे. मागे दुकानाचं शटर अर्धं वर.*

*फोटो ७. फोटो ३ चीच जागा, सहा दिवसांनी.*

विचारायचं असं की आणखी कोणी हे करतं का? आणि नोंदीत काय काय लिहावं? मला जे सुचलं ते मी लिहिते, पण तीस वर्षांनी बघणाऱ्याला काय लागेल ते आत्ता कसं कळणार?

---

वडा_विदाऊट_पाव

धागा आवडला. पण खरं सांगू का ताई, ३ आणि ७ मधे मला काडीचाही फरक दिसला नाही. दोन्हीत गटार आहे. (हलकेच घ्या.)

---

निवडुंगाची_कुंडी

@वडा, नदी आहे हो ती. राष्ट्रीय उद्यानात उगम पावते आणि मालाडच्या खाडीला मिळते. पण तुम्ही म्हणता तसा मलाही फरक दिसला नव्हता, म्हणूनच दोन्ही टाकले.

---

अनामिक_कोकणे

वाचतोय. आमच्या मुलुंडात करून बघतो.

---

खाजणातला

मी गोराई साइडचा. आमचे आजे-पणजे खाडीतच जाळी टाकायचे. मी बँकेत, पण पाणी कळतं थोडंफार.

वडासाहेब, फरक आहे, नीट बघा. फोटो ३ मधे पुलाखाली आडवा पाइप गेलाय, त्याला बाटल्या आणि थर्माकोल अडकलाय. कुठल्या बाजूला? लिंक रोडच्या बाजूला. म्हणजे पाणी वरून खाली, खाडीकडे चाललंय. आता फोटो ७ बघा. बाटल्या त्याच पाइपला, पण खाडीच्या बाजूला. एक नारळ पण आहे, शेंडीवाला. तो कांदिवलीतून वाहत आला असता तर पाइपाच्या अलीकडे अडकला असता. हा खालून वर आलाय. तुमची नदी त्या वेळेला उलटी वाहत होती.

ताई, ३ नंबरला सुकती (म्हणजे ओहोटी) आहे आणि ७ नंबरला भरती. सव्वासातलाच काढता ना रोज? भरतीची वेळ दर दिवशी साधारण पाऊण तास पुढे सरकते. सहा दिवसांत साडेचार-पाच तास सरकली. घड्याळाची वेळ तीच ठेवलीत, पण पाण्याची वेळ वेगळी. तेव्हा नोंदीत भरती की सुकती ते लिहाच. तक्ते ऑनलाइन मिळतात, पण आमच्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. द्वितीयेला दीडला. सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे तेच. हिशोब ढोबळ आहे आणि खाडीच्या तोंडापासून जितकं आत जाल तितका उशीर लागतो, पण पंचांग भिंतीवर असतंच.

आणि उधाण की भांग तेही लिहा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड वर नाही धड खाली नाही. नाल्याच्या तळाशी काय काय पडलंय ते बघायचं तर उधाणाची सुकती गाठा. सकाळी लवकर मिळते.

---

वडा_विदाऊट_पाव

नारळ दिसला. शब्द मागे घेतो. _/\_

---

निवडुंगाची_कुंडी

खाजणातला, मी आत्ता मागचे सगळे फोटो काढून बसले आहे आणि प्रत्येकात बाटल्या कुठल्या बाजूला आहेत ते बघते आहे. चाळीस दिवस काढले आणि हे एकदाही लक्षात आलं नाही. नवरा विचारतोय, काय शोधतेस. म्हटलं, नारळ.

---

निवृत्त_ओव्हरसियर

मी बावीस वर्षे ठेकेदारांकडे नाल्यांच्या भिंतींची कामे केली. वरचा प्रतिसाद वाचून राहवले नाही.

नदी उलटी वाहते हा जो फोटो आहे, त्यातच मुंबई का तुंबते याचे अर्धे उत्तर आहे. आपल्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिमी पाऊस वाहून नेतील अशा हिशोबाने बांधलेल्या, तेही ओहोटी धरून. मोठी भरती असली की नाल्याच्या तोंडाशी खाडीचे पाणी वर चढलेले असते. मग वरून कितीही पाऊस पडो, जाणार कुठे? १९९३ साली ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या योजनेचा, अहवाल आला, त्यात ही क्षमता ताशी ५० मिमीपर्यंत न्यावी असे होते. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथली उदंचन केंद्रे त्यातूनच उभी राहिली. भरतीच्या वेळी दरवाजे लावून घ्यायचे आणि पाणी पंपाने समुद्रात फेकायचे. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला. ५० मिमीचा हिशोब केला तरी त्यापुढे काय टिकणार.

आता फोटोंबद्दल. ताई, तुम्ही पाणी बघता, मी भिंत बघितली. फोटो ३ मधे उजव्या भिंतीत ओळीने छोटी भोके आहेत, त्यांना वीप होल म्हणतात. भिंतीमागच्या मातीत मुरलेले पाणी त्यातून निथळून यायला हवे. तुमच्या फोटोत पाचपैकी चार कोरडी आहेत आणि एकातून पिंपळ उगवला आहे. त्या पिंपळाचा दर महिन्याला एक फोटो काढा. भिंत पडेल तेव्हा सगळे पावसाला दोष देतील.

फूटपाथसाठी एक युक्ती सांगतो. दुकानांच्या पायऱ्या मोजा. रस्त्यावर थरावर थर चढतात, मग काँक्रीट होते, रस्ता वर येतो आणि दुकान जिथल्या तिथे राहते. तुमच्या फोटो ५ मधल्या दुकानाला एकच पायरी आहे. मालकाला विचारा, आधी किती होत्या.

---

काळी_मांजर_आडवी

वेळ भरपूर दिसतोय लोकांकडे. गटाराचे फोटो काढून गटार साफ होणार आहे का? त्यापेक्षा महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाका. फोटो काढून आठवणी जपायच्या असतील तर चांगल्या गोष्टींच्या जपा. परदेशातले लोक हे बघून काय म्हणतील.

---

न्यूजर्सीचा_नाम्या

परदेशातला हजर आहे. काही म्हणत नाही. एकच विचारतो, लिंक रोडवर डहाणूकरवाडीजवळ एक मोठं रेन ट्री होतं, त्याच्याखाली उसाचा रस मिळायचा, तिथला फोटो आहे का कोणाकडे? २००४ ला देश सोडला. आता नकाशावर त्या रस्त्याचं चित्र उघडलं की मेट्रोचे खांबच दिसतात, झाड नक्की कुठे होतं तेच सापडत नाही.

---

खाजणातला

@काळी_मांजर, तक्रारीला फोटो लागतोच की. आणि तो कुठला, कधीचा, हे लिहिलेलं नसेल तर कोणी विचारत नाही. नालेसफाईच्या ठेकेदारालासुद्धा आधीचे-नंतरचे फोटो द्यावे लागतात. मग आपले आपल्याकडे असले तर काय बिघडलं?

---

पाऊसपाणी_बोरिवली

@काळी_मांजर, मी सांगतो काय उपयोग ते.

२६ जुलैला आमच्या इमारतीत पाणी आलं. तळमजल्यावर कमरेच्या वर. उतरल्यावर जिन्याच्या भिंतीवर मातकट रेघ राहिली होती, अगदी पट्टीने मारल्यासारखी सरळ. सहा वर्षं ती रेघ होती. मुलं त्या रेघेशी उभी राहून उंची मोजायची. मग सोसायटीने रंग काढला. गेल्या वर्षी पुनर्विकासाच्या बैठकीत सल्लागार साहेब विचारतात, २००५ ला पाणी किती होतं, त्याप्रमाणे जोत्याची उंची ठरवू. चाळीस सभासद, चाळीस उत्तरं. एक काका गुडघ्यापर्यंत म्हणाले, एक काकू मानेपर्यंत. घरी कॅमेरा होता, रोलही होता. फोटो कोणाचा काढला? भिजलेल्या सोफ्याचा, विम्यासाठी.

---

काळी_मांजर_आडवी

ठीक आहे, सोफ्याचं पटलं.

---

केतकी_०७

मला एक अडचण मांडायची आहे. गटार, भिंत सगळं ठीक. पण नदीच्या काठाला माणसं राहतात. त्यांच्या दारातून आपण मोबाईल घेऊन चाललो की त्यांना काय वाटत असेल? मी दहिसर नदीच्या बाजूने असं करायचा प्रयत्न केला होता. तिसऱ्या दिवशी एका दादांनी अडवलं, "कसला सर्व्हे चाललाय?" मी म्हटलं सर्व्हे नाही, हौस आहे. त्यांना ते अजिबात पटलं नाही. त्यांच्या दृष्टीने दारावर नंबर टाकणारे आणि फोटो काढणारे आले की पुढच्या वेळी जेसीबी येतो. मी बंद केलं.

---

निवडुंगाची_कुंडी

केतकी, हे लिहिलंस ते बरं झालं. मी मुद्दामच टाळलं होतं.

माझी आठवी जागा नदीकाठच्या वस्तीसमोर आहे. पहिले आठ-दहा दिवस पटकन काढून पुढे जायचे. एके दिवशी समोरच्या घरातल्या बाई धुणं धूत होत्या. मला वाटलं आता ओरडणार. त्या म्हणाल्या, "नदीचा काढताय ना? मग तिकडे त्या खांबापाशी जा. इथून आमची मोरी दिसते." मी गेले. तिथून खरंच नदी जास्त चांगली दिसते आणि मोरी कोणाचीच दिसत नाही. आता माझी आठवी जागा तीच.

त्यांना मी मोबाईलवर १९९१ चा म्हशींचा फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, यात पलीकडे झोपड्या आहेत का? नीट दिसत नाहीत, म्हटलं मोठा करून बघते. त्या म्हणाल्या, असल्या तर सांगा, आमच्याकडे तेव्हाचा कागद नाही. झोपडीच्या बदल्यात मोफत घर मिळायला १ जानेवारी २००० च्या आधीचं वास्तव्य दाखवावं लागतं हे मला ऐकून माहीत होतं, पण मावसभावाच्या सायकलचा फोटो कोणाच्या कागदपत्रांत जाऊ शकेल हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मोठा करून बघितला. म्हशींच्या मागे काहीतरी चौकोनी आहे. घर आहे की गवताची गंजी, सांगता येत नाही. तसंच त्यांना सांगितलं.

---

केतकी_०७

हम्म. म्हणजे तो अडवणारा दादाही बरोबर आणि या बाईही बरोबर.

---

कायद्यापुरता

दोन-तीन जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून इथेच लिहितो. सल्ला म्हणून घेऊ नका, सर्वसाधारण माहिती आहे.

रस्त्यावर उभं राहून रस्त्याचा फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा नाही. पण लष्करी जागा आणि सरकारने 'निषिद्ध' म्हणून जाहीर केलेली ठिकाणं शासकीय गुपिते कायदा, १९२३ खाली येतात. तिथे पाटी असते, ती वाचा. रेल्वे आणि मेट्रोच्या हद्दीत त्यांचे नियम चालतात. ड्रोनची हौस असेल तर मुंबईत विसराच. विमानतळ आहे, वर पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. वॉचमनने अडवलं तर वाद घालू नका. सोसायटीच्या फाटकाच्या आत तो म्हणेल ते, फाटकाबाहेर तुम्ही उभे राहू शकता.

फोटो विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या ठिकाणी टाकणार असाल तर एक बारीक गोष्ट. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे इमारतीचा किंवा सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या पुतळ्याचा फोटो काढणं आणि छापणं यात उल्लंघन नाही. भिंतीवर रंगवलेलं चित्र मात्र त्या सवलतीत येत नाही. म्हणजे चौकातला पुतळा चालेल, पण पुलाच्या भिंतीवर कलाकाराने काढलेला मोठा फ्लेमिंगो हाच फोटोचा विषय असेल तर चालणार नाही. गल्लीचा फोटो काढताना कोपऱ्यात आला तर गोष्ट वेगळी.

---

वडा_विदाऊट_पाव

म्हणजे खरा फ्लेमिंगो चालेल, रंगवलेला नाही. कायदा पक्षीप्रेमी आहे.

अवांतर : ताईंच्या फोटो ७ मधे लांब गुलाबी पायांचे पक्षी आहेत ते काय? एवढ्या घाणीत?

---

खाजणातला

शेकाट्या. त्याला घाणीचं वावडं नाही, गाळात किडे मिळतात. उथळ पाणी हवं फक्त.

---

डेटा_दादा

आता जरा कंटाळवाणं पण कामाचं.

ताई, फोटोचं ठिकाण आणि वेळ फाइलच्या आतच नोंदलेली असते, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की आकार कमी होतो आणि ही माहितीही उडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. भाचीला पाठवताना डॉक्युमेंट करा. आणि उलट बाजूनेही सांभाळा, स्वतःच्या खिडकीतून काढलेला फोटो जसाच्या तसा जाहीर टाकलात तर घराचा पत्ता दिल्यासारखंच आहे.

दिशा मोबाईल नेहमी बरोबर नोंदवतोच असं नाही. तेव्हा तुम्ही लिहिता तसं 'तोंड पश्चिमेला' लिहीत राहा. खुणेसाठी दुकानाचं नाव नको, दुकानं बदलतात. विजेच्या खांबावरचा नंबर किंवा मेट्रोच्या खांबावरचा नंबर घ्या. दोन्ही फोटोत पुसट दिसले तरी नोंदीत लिहा. लेन्स नेहमी १ एक्स. वाइडने पूल लांब दिसतो आणि पुढच्या वेळी विसरून साध्याने काढलात की नदी रुंदावली असं वाटेल. पावसाळ्यात एसीतून बाहेर आल्याबरोबर काढू नका, लेन्सवर वाफ धरते. जुन्या बनियनचा तुकडा खिशात ठेवा.

हो, आणि संध्याकाळी काढत असाल तर रस्त्यावरचे दिवे पिवळे की पांढरे ते लिहा. पिवळे सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले तो बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला आणि नेमका कधी झाला ते आमच्या गल्लीत कोणालाच आठवत नाही.

---

सेक्टर_चारवाली

चारकोपला हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. आमची घरं जागतिक बँकेच्या प्रकल्पातली. म्हाडाने ८० च्या दशकात प्लॉट पाडून दिले आणि वर तुमचं तुम्ही बांधा म्हणाले. सुरुवातीला सगळीकडे एकसारखी बैठी घरं. मग एकाने वर माळा चढवला, दुसऱ्याने दोन. आता कोणाचं घर मूळचं कसं होतं हे फक्त मोरीच्या जागेवरून कळतं. मी आमच्या रांगेतल्या पंचवीसही घरांचे फोटो काढायला लागले आहे. सासूबाई म्हणतात आधी आपल्या घराचा रंग काढ, मग फोटो काढ.

---

निवडुंगाची_कुंडी

ओव्हरसियर काका, विचारून आले. फोटो ५ मधल्या दुकानाच्या मालकांना आधी प्रश्नच कळला नाही. मग काउंटरखाली वाकले आणि मला आत बोलावलं. काउंटरच्या मागे फरशी तोडून एक चौकोन ठेवलाय, त्यात खाली जुनी कडाप्प्याची पायरी दिसते. तिच्याही खाली आणखी एक आहे म्हणाले, ती पुरली. एकूण तीन होत्या. वडील सगळ्यात वरच्या पायरीवर पाय सोडून बसायचे. आता फूटपाथवरून एका पायरीत आत पाऊल पडतं. पावसाळ्यात पाणीही तसंच सरळ आत येतं, म्हणून शटरच्या खाली पत्र्याची पट्टी आणि ओली माती लावतात. फोटो १२ म्हणून टाकते आहे. मालकांचा चेहरा नको म्हणाले, हात चालेल. पायरीवर ठेवलेला हात त्यांचा.

नाम्या, तुमच्या झाडासाठी मी आणि डेटा दादांनी मिळून बरंच शोधलं. लिंक रोडवर मेट्रो २ए चा आपल्याकडचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला, पण खांबांचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून चाललं होतं. त्या दरम्यानचा फोटो कोणाकडेच नाही. रसवाल्याचा मुलगा मात्र सापडला, तो आता मोबाईलची कव्हरं विकतो. त्याने येऊन पायाने दाखवलं, झाड इथे होतं. तिथे आता दुभाजक आहे, त्यात बोगनवेल. त्या जागेचा फोटो काढला, खांबाचा नंबर नोंदीत आहे. झाड नाही, पण जागा पक्की आहे.

---

न्यूजर्सीचा_नाम्या

दोनदा बघितला. मागे जी पिवळी इमारत दिसते तिच्या दुसऱ्या मजल्यावर माझा क्लास होता. खिडकीतून झाडाचा शेंडा दिसायचा. क्लासमधे आम्ही एकदा गणपतीचा ग्रुप फोटो काढला होता, खिडकीजवळ उभं राहून. तो मित्राकडे आहे, नागपूरला. आत्ताच मेसेज टाकला त्याला.

---

निवृत्त_ओव्हरसियर

पत्र्याच्या पट्टीची उंची मोजली का? मोजली नसेल तर फोटोत शेजारी एक वीट ठेवायची. वीट सगळ्यांना माहीत असते.

---

निवडुंगाची_कुंडी

नाही मोजली. उद्या वीट घेऊन जाते. दुकानदार मला आता कायमची वेडी समजणार.

---

खाजणातला

पुढच्या रविवारी द्वितीया आहे. भरती दीडच्या सुमाराला, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास चांगली सुकती, उधाणातली. लिंक रोडच्या पश्चिमेच्या पुलावर कोणी येणार असेल तर मी येतो. तळ दिसेल. तिवरांच्या मुळांत काय काय अडकलंय तेही दाखवतो. बूट नको, जुनी चप्पल घाला.

---

पाऊसपाणी_बोरिवली

मी येतो. गाडी कुठे लावायची?

---

वडा_विदाऊट_पाव

गाडी कशाला, मेट्रोने या. मी वडे आणतो. नारळ तिथे आहेच.

---

काळी_मांजर_आडवी

साडेसात म्हणजे साडेसातला ना? की मुंबईचे साडेसात?

---

खाजणातला

पाण्याचे साडेसात. ते थांबत नाही.